बाणाचं वजन आणि भेदनशक्ती: रिकर्व्ह-लाँगबोने शिकार करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणी मुलाला तिरंदाजीच्या क्लबात सोडायला जातो आणि स्वतःच रिकर्व्ह धनुष्य घेऊन घरी येतो. वर्षभराने शिकारीचा परवाना निघतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो: बाण केवढा जड हवा? माझं मत आधीच सांगून टाकतो. वजन कामाचं आहे, पण त्याचा नंबर चौथा. बाणाची मजबुती, सरळ उड्डाण आणि फाळाची धार या तिघांचं जमलेलं नसेल, तर शंभर ग्रेन वाढवून पदरात काही पडत नाही. खालची उदाहरणं मुख्यतः मिशिगनच्या बाजूच्या व्हाइटटेल हरणांची आहेत, कारण मला तीच माहीत आहेत.

भारतात अशी शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे आणि हत्यार बंदूक होती की धनुष्य, याने काही फरक पडत नाही. मारण्याचा नुसता प्रयत्नही कायद्याच्या लेखी शिकारच. गावाकडे रानडुकरांनी भुईमूग उकरला म्हणून कोणी हे वाचून धनुष्य उचलणार असेल, तर त्याने आधी वनखात्याची पायरी चढावी. ब्रिटनमध्येही १९८१ च्या कायद्याने धनुष्याने वन्यप्राणी मारायला मनाई आहे. इथली चर्चा जिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ही शिकार करता येते, तिथली. अमेरिकेत विस्कॉन्सिनने १९३४ साली हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगाम ठेवला, मग इतर राज्यं त्या वाटेने गेली. मिशिगनमध्ये हा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो.

‘पारंपरिक’ म्हणजे नेमकं कोणतं धनुष्य?

लाँगबो, म्हणजे लांब, साध्या कमानीचं; रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं; आणि एकाच लाकडातून घडवलेलं सेल्फ बो. चाकं नाहीत, ट्रिगर नाही, बहुतेकांच्या धनुष्यावर नेम धरायची साइटही नाही. दोरी बोटांनी ओढायची आणि बोटांनीच सोडायची.

वजनाचा प्रश्न इथेच जास्त का येतो, तेही सांगतो. ७० पाउंडाचं, म्हणजे ओढायला ७० पाउंड जोर लागणारं, आजचं चाकांचं कंपाउंड धनुष्य बाणाला ७० ते ८० फूट-पाउंड ऊर्जा सहज देतं. ५० पाउंडाचं रिकर्व्ह देतं त्याच्या निम्म्याहून कमी. कंपाउंडवाल्याची एखादी चूक त्या जादा ऊर्जेत खपून जाते. आपल्याकडे खपवायला काही शिल्लक नसतं.

हे ‘ग्रेन’ काय प्रकरण आहे?

बाणाचं वजन मोजायचं एकक. ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, सुमारे साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. ५०० ग्रेनचा बाण साधारण ३२ ग्रॅमचा भरतो. वजन नेहमी पूर्ण बाणाचं मोजायचं: दांडी, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), पिसं, इन्सर्ट (फाळ बसवायचा दांडीतला तुकडा), टोकाचा फाळ, सगळं धरून. त्या वजनाला धनुष्याच्या पाउंडांनी भागलं की ‘ग्रेन प्रति पाउंड’ हा आकडा मिळतो आणि दुकानात, रेंजवर, शेकोटीभोवती सगळे त्याच आकड्यात बोलतात. पाउंड मात्र तुमच्या स्वतःच्या ओढीला, म्हणजे तुम्ही दोरी जितकी मागे ओढता तेवढ्या अंतराला, मोजलेले हवेत. धनुष्यावर छापलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो.

जड बाण हळू जातो. मग तो जास्त खोल कसा शिरतो?

५० पाउंडाचं एक बरं रिकर्व्ह घ्या. त्यावरून सुटलेल्या तीन बाणांचे ढोबळ आकडे असे येतील:

४०० ग्रेन: वेग १९० फूट प्रति सेकंद, ऊर्जा ३२ फूट-पाउंड, संवेग ०.३४
५०० ग्रेन: वेग १७५, ऊर्जा ३४, संवेग ०.३९
६०० ग्रेन: वेग १६२, ऊर्जा ३५, संवेग ०.४३

(संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; त्याचं एकक स्लग-फूट प्रति सेकंद. त्याने डोकं दुखत असेल तर नुसते आकडे एकमेकांशी ताडून पाहा.)

वजन दीडपट झालं, पण वेग काही दोन-तृतीयांशावर आला नाही. पंधरा टक्क्यांच्या आतच घटला. कारण धनुष्य सुटतं तेव्हा साठलेली सगळी ऊर्जा बाणात जात नाही. दोन्ही लिंब, म्हणजे धनुष्याचे वरचा-खालचा वाकणारे भाग, आणि दोरी यांनाही पुढे धावावं लागतं आणि त्यांचा वाटा बाणाच्या हाती लागत नाही. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हा तोटा मोजायला ‘आभासी वस्तुमान’ अशी कल्पना मांडली: जणू प्रत्येक बाणाबरोबर धनुष्य एक अदृश्य ओझंही फेकतंय. बाण जितका हलका तितकं त्या ओझ्याचं प्रमाण मोठं. बाण जड झाला की लिंब सावकाश पुढे येतात आणि त्यांच्यात अडकून राहणारी ऊर्जा कमी होते. म्हणूनच जड बाणाने धनुष्याचा आवाज बसका होतो, हाताला झटकाही कमी लागतो.

गल्ली क्रिकेट खेळलेल्याला हे वेगळं समजवायला नको. टेनिस बॉल सीमारेषेवरून कितीही जीव तोडून फेकला तरी तो सीझन बॉलच्या मानाने दामदुपटीने वेगात जात नाही, कारण हात तेवढाच फिरतो. आणि वाटेत दम आधी सुटतो तो टेनिस बॉलचाच.

निर्णायक काय, ऊर्जा की संवेग?

या वादात लोकांनी वर्षं घालवली आहेत. उत्तर बाणाला आत कसला विरोध होतो यावर आहे.

विरोध वेगावर अजिबात अवलंबून नसेल, नुसतं एकसारखं घर्षण असेल, तर खोली ऊर्जेच्या प्रमाणात येते. वरच्या आकड्यांत ६०० ग्रेनचा बाण ४०० ग्रेनच्या बाणापेक्षा ९ टक्के पुढे जाईल. विरोध वेगाच्या प्रमाणात वाढत असेल, तर खोली संवेगाच्या प्रमाणात, म्हणजे फरक २८ टक्क्यांचा. आणि पाण्यासारख्या पदार्थात वेगात शिरताना होतो तसा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असेल, तर मुख्य हिशेब वस्तुमानाचा, आणि फरक ५० टक्क्यांकडे झुकतो. हरणाच्या अंगात हे तिन्ही प्रकार एकत्र असतात. कातडी आणि स्नायू कापले जातात, दांडीला घर्षण होतं, फुप्फुसात रक्त आणि हवा, मध्ये बरगडी.

तिन्ही हिशेबांत जड बाणच पुढे आहे, वाद फक्त किती पुढे याचा. त्यामुळे या भांडणात कोण जिंकतो याने तुमचा बाण निवडण्यात काही बदलत नाही. पारंपरिक धनुष्यवाले संवेगाकडे झुकतात, मीही झुकतो. पण ऊर्जेचा आकडा म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी, असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तेही अर्धवटच.

बरं, मग वजन किती ठेवू?

व्हाइटटेलसाठी १० ग्रेन प्रति पाउंड. पाच मिनिटांत ठरवायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा. ५० पाउंडाला ५०० ग्रेन, ४५ ला ४५०. याच्या आसपास ९ ते १२ पर्यंत कुठेही काम होतं.

८ च्या खाली जाऊ नये. भेदन हे त्याचं एक कारण झालं. दुसरं असं की फार हलका बाण लावला की धनुष्याला रिकामं सोडल्यासारखा मार बसतो, आणि बरेच धनुष्य घडवणारे अशा धनुष्याची हमी घेत नाहीत. सेल्फ बो असेल तर १० हीच खालची मर्यादा समजा.

६५० ग्रेन हा आकडा सारखा ऐकू येतो. तो कुठून आला?

डॉ. एड अ‍ॅशबी यांच्याकडून. त्यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताल प्रांतात आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या पाणम्हशींवर बाणांच्या भेदनाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. जाड हाडावर आदळलेला बाण ते फोडून आत जातो की तिथेच अडकतो, यात त्यांना सुमारे ६५० ग्रेनच्या आसपास एक उंबरठा दिसला. बाकी सगळं सारखं ठेवून वजन त्या रेषेच्या वर नेलं की हाड फुटण्याचं प्रमाण ठळकपणे वाढतं.

आता गंमत बघा. त्याच अ‍ॅशबींच्या घटकांच्या यादीत सगळ्यात वर आहे बाणाची मजबुती, म्हणजे आदळल्यावर फाळ वाकणार नाही, इन्सर्ट निघणार नाही, दांडी चिरणार नाही. दुसरं, उड्डाण. वजन त्याच्या बरंच खाली. लोकांनी यादीतला एक आकडा उचलला आणि यादी तिथेच ठेवली. आकडा पाठ व्हायला सोपा असतो ना!

हरणासाठी ६५० लागतंच असं नाही. बरगड्यांमधून जाणाऱ्या बाणाला त्याची गरज पडत नाही. एल्क किंवा मूससारख्या मोठ्या जनावरामागे जाणार असाल आणि तुमचं धनुष्य ५५-६० पाउंडाचं असेल, तर तो आकडा गंभीरपणे घ्या. ४५ पाउंडावर ६५० ग्रेन म्हणजे साडेचौदा ग्रेन प्रति पाउंड. बाण जाईल, पण पंधरा यार्डांपलीकडे तो कुठे उतरेल ते तुमच्या हाताला नव्याने शिकवावं लागेल.

तुम्ही वजनाला चौथा नंबर देता. उड्डाणाचा भेदनाशी काय संबंध?

सगळा. बाण थोडा जरी तिरका आदळला तरी शेपूट बाजूला फेकली जाते, दांडी वाकते आणि पुढे ढकलायची ताकद त्या वाकण्यात खर्च होते. वीस फुटांवर शेपूट हलवत जाणारा ६०० ग्रेनचा बाण आणि सुईसारखा सरळ जाणारा ४५० ग्रेनचा, यांत मी दुसरा घेईन.

बाण धनुष्याला वळसा घालून वाकत-सरळ होत निघतो. म्हणून दांडीचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, तुमच्या धनुष्याला जुळायला हवा. तो जुळला की नाही हे बघायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बिनपिसाचा बाण. पिसं लावलेले तीन बाण आणि तसाच, तेवढ्याच वजनाचं टोक लावलेला पण पिसं नसलेला एक बाण घ्या. दहा यार्डांवरून सुरुवात करा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण गटाच्या डावीकडे लागला तर दांडी जास्त ताठ, उजवीकडे लागला तर जास्त मऊ. ताठ असेल तर टोकाचं वजन वाढवा, मऊ असेल तर टोक हलकं करा किंवा दांडी पाव-पाव इंच कापत जा. बिनपिसाचा बाण शेपूट वर करून घुसत असेल तर आधी नॉकिंग पॉइंटची, म्हणजे दोरीवर बाण अडकवायच्या जागेची, उंची बघा. वीस यार्डांवर दोन्ही बाण एका जागी पडू लागेपर्यंत फाळ पेटीतच राहू द्या.

हे कंटाळवाणं काम आहे. पण यातून जेवढं भेदन मिळतं, तेवढं दुसऱ्या कशातूनही मिळत नाही.

फाळ दोन पात्यांचा घ्यावा की तीन?

५० पाउंडाच्या आत असाल तर दोन. कापायचं कमी, त्यामुळे अडथळा कमी. त्यातही लांबोडका, म्हणजे रुंदीच्या तिप्पट लांबी असलेला फाळ उत्तम, कारण उतार जितका सौम्य तितकं कमी जोर लावून आत जाता येतं. तीन पात्यांचा फाळ मोठं भोक पाडतो, रक्ताचा माग ठळक देतो आणि ५५ पाउंडांच्या पुढे मीही तोच निवडेन. आत शिरल्यावर उघडणारे यांत्रिक फाळ मात्र पारंपरिक धनुष्यावर नकोत. पाती उघडायलाच ऊर्जा खर्च होते आणि तीच तर आपल्याकडे कमी आहे.

एकाच बाजूने धार लावलेल्या, म्हणजे सिंगल बेव्हल फाळाबद्दल लोक फार बोलतात. असा फाळ आत जाताना फिरतो आणि हाडाला पिळून चीर पाडतो, हे खरं आहे. फक्त पिसांचा पीळ त्याच दिशेचा ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांविरुद्ध काम करतील.

नवा फाळ पाकिटातून काढला. तो धारदारच असेल ना?

बहुतेक वेळा नसतो. बघायची पद्धत अशी: एका भांड्यावर रबरबँड सैलसर ताणून बसवा आणि त्यावर फाळ नुसता टेकवून ओढा. दाबायचं नाही. रबर लगेच तुटलं तर ठीक. घसरलं तर कानस घ्या.

पात्याच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ मारा. कानस टोकाकडून मागे एकाच कोनात फिरवा आणि मध्येच थांबून बघा की काळं कुठलं गेलं. फक्त वरचं गेलं असेल तर कोन फार सपाट आहे, फक्त काठाचं गेलं असेल तर फार उभा. सगळं सारखं जाऊ लागलं की तोच कोन धरून ठेवा. थोड्या वेळाने पात्याच्या दुसऱ्या बाजूला बोट फिरवलं की काठाशी बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर आली की बाजू बदला. मग धारेच्या दगडावर हलक्या हाताने, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. हातावरचे केस पाण्याशिवाय उतरले की थांबा आणि धारेला तेलाचं बोट लावून ठेवा, कारण भात्यात ओल लागून रात्रीत धार जाते.

धारेचं महत्त्व जुनंच आहे. कॅलिफोर्नियात १९११ साली ओरोव्हिलला सापडलेला ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, काचेसारख्या ऑब्सिडियन दगडाची टोकं घडवायचा. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेले सर्जन सॅक्सटन पोप यांनी दगडी आणि पोलादी टोकांच्या तुलनेचे प्रयोग केले, तेव्हा मांस कापण्यात ऑब्सिडियन पोलादाच्या पुढे गेला. वजन वाढवून नव्हे, नुसत्या काठाच्या जोरावर.

एफओसी म्हणजे काय? ते वाढवल्याने खरंच फरक पडतो?

बाणाचं वजन मध्यापेक्षा किती पुढे आहे, त्याची टक्केवारी. बाण बोटावर तोला आणि नॉकच्या खाचेपासून तोल-बिंदूपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा, शंभराने गुणा. २९ इंचाचा बाण खाचेपासून साडेएकोणीस इंचांवर तोलला गेला तर १९.५ वजा १४.५ म्हणजे ५, भागिले २९, म्हणजे सुमारे १७ टक्के.

वजन पुढे असलं की बाण लवकर सरळ होतो आणि आदळल्यावर मागची हलकी दांडी कमी लवते. फरक पडतो, पण १५ ते २० टक्क्यांत हरणाचं काम निभतं. ३० टक्क्यांच्या मागे लागणारे लोक असतात; त्यांना दांड्या कापण्यात आनंद मिळतो असं माझं निरीक्षण आहे.

वजन वाढवायचंच असेल तर ते कुठे घालू?

पुढे. २९ इंचाची कार्बन दांडी, इंचाला ९ ग्रेन, म्हणजे २६१. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या इन्सर्टऐवजी पितळी, ७५ ग्रेनचा. फाळ १७५. नॉक आणि पिसं मिळून २५. बेरीज ५३६. ५० पाउंडाला अगदी जमलेला बाण.

पुढे वजन घातलं की दांडी सुटताना जास्त वाकते, म्हणजे ती मऊ असल्यासारखी वागते. पन्नास ग्रेन वाढवले की बिनपिसाच्या बाणाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. दांडीत नळ्या, वाळू, दोरा असलं काही भरून मागे-मध्ये वजन वाढवायचे उद्योग करू नयेत.

लाकडी बाण चालतील का?

चालतील आणि वजन त्यांच्यात आपोआप येतं. ओरेगॉनच्या किनारपट्टीवरचं पोर्ट ऑर्फर्ड सिडार हे यासाठीचं नावाजलेलं लाकूड. ११/३२ इंच जाडीची दांडी, १२५ ग्रेनचा फाळ आणि पिसं धरून बाण सहज पाचशेच्या आसपास जातो. अ‍ॅश किंवा हिकरीची दांडी आणखी जड. फक्त वापरण्याआधी प्रत्येक दांडी कानाजवळ धरून हलकी वाकवा. चिरल्याचा आवाज आला तर ती चुलीत घाला. फाळ चिकटवलेल्या जागेच्या लगेच मागे लाकूड मोडतं, म्हणून मजबुतीचा प्रश्न इथे जास्त.

आपल्याकडच्या तिरकामठ्याचं तत्त्व हेच का?

भौतिकशास्त्र तेच. हलक्या बांबूची किंवा बोरूसारखी दांडी आणि पुढे लोखंडी फाळ अशी रचना असली की तोल आपसूक पुढे जातो. त्यासाठी कोणाला टक्केवारी काढावी लागली नाही.

जड बाण लवकर खाली येतो. अंतराचा अंदाज चुकला तर?

वर दिलेल्या वेगांनी, हवेचा विरोध न धरता, वीस यार्डांवर ४०० ग्रेनचा बाण सुमारे १९ इंच पडतो, ५०० चा २३, ६०० चा साडेसव्वीस. ऐकायला भयंकर वाटतं. पण तुमचा हात आणि डोळा ते पडणं सवयीने भरून काढतात. खरा प्रश्न असा आहे: हरीण वीसवर आहे समजून तुम्ही बाण सोडला आणि ते तेवीसवर होतं, तर बाण किती खाली लागेल? ४०० ग्रेनला सव्वातीन इंच. ५०० ला चार. ६०० ला साडेचार. म्हणजे सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड बाणात सव्वा इंचाचा फरक, आणि तोही तीन यार्ड चुकल्यावर.

तीस यार्डांवर हे गणित बिघडतं. पण साइट नसलेल्या रिकर्व्हने हरणावर तीस यार्डांवरून बाण सोडावा का, हाच मुळात वेगळा प्रश्न आहे. बहुतेकांनी सोडू नये.

हरीण दोरीचा आवाज ऐकून खाली बसतं म्हणतात. मग वेगवान बाणच बरा ना?

आवाज सेकंदाला अकराशे फुटांवर जातो, म्हणजे वीस यार्डांवर तो ०.०५ सेकंदात पोहोचतो. १७५ फुटांचा बाण ०.३४ सेकंदात. हरणाच्या हातात जवळजवळ ०.३ सेकंद उरतात. दचकायला ०.१ गेला असं धरलं, तरी उरलेल्या वेळात अंग सैल सोडून ते आठेक इंच खाली येऊ शकतं. पळायच्या आधी पाय दुमडून झेप घ्यायची त्याची ती पद्धतच आहे.

हलका बाण घेऊन तुम्ही यातले फार तर ०.०३ सेकंद वाचवता आणि बदल्यात धनुष्याचा आवाज वाढवता. उलट जड बाण, दोरीवर लोकरीचे किंवा बीव्हरच्या केसांचे गोंडे, आणि मान खाली घालून निवांत चरणारं हरीण, हा सौदा कधीही चांगला. मान वर, कान तुमच्याकडे वळलेले, शेपूट अर्धी उठलेली, असं असेल तर बाण दोरीवरच राहू द्या.

बाण आरपार गेला तर ऊर्जा वाया गेली ना?

हा बंदुकीचा विचार झाला. बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. आरपार गेलेल्या बाणाने दोन भोकं पडतात. झाडावरच्या मचाणावरून सोडला असेल तर दुसरं भोक खालच्या बाजूला येतं आणि रक्त तिथूनच जमिनीवर पडतं. एकच भोक, तेही वर, म्हणजे छातीत रक्त साठत राहतं आणि तुम्ही पाचोळ्यात टॉर्च घेऊन ठिपके शोधत बसता. मला भेदनशक्ती हवी असते ती या दुसऱ्या भोकासाठी.

खांद्याच्या हाडावर लागला तर जड बाण वाचवेल?

कुठल्या भागावर, त्यावर आहे. खांद्याचं पातं वरच्या बाजूला पातळ असतं. ५०० ग्रेनचा धारदार, मजबूत बाण तिथून जाऊ शकतो. खाली सांध्याजवळ आणि पायाच्या वरच्या हाडावर ५० पाउंडाच्या धनुष्याने भरवसा ठेवू नये. जनावर आडवं उभं असताना किंवा थोडं पाठमोरं वळलेलं असतानाच बाण सोडला, तर हा प्रश्न क्वचितच उभा राहतो.

माझी ओढ २६ इंच आणि धनुष्य ४५ पाउंडाचं. मला जमेल का?

दर इंचाला साधारण अडीच पाउंड कमी धरा. तुमच्या बोटांवर ४० च्या आसपास येत असतील. ४० पाउंड, ४२० ते ४५० ग्रेन, दोन पात्यांचा अरुंद फाळ, अंतर पंधरा यार्डांच्या आत, आणि फक्त बरगड्या. एवढ्यावर व्हाइटटेलची शिकार नीट होते. धनुष्य पाच पाउंडांनी वाढवायचा मोह होईल. ओढून तीन सेकंद न थरथरता धरता येत असेल तरच वाढवा.

अंगणात फोमच्या हरणावर कोणता बाण खोल जातो ते बघून ठरवलं तर चालेल?

फसाल. फोम दांडीला चारी बाजूंनी घट्ट धरतो आणि घर्षणाची उष्णता त्याला चिकट करते. तिथे बारीक, गुळगुळीत दांडी जिंकते आणि फाळाच्या धारेला फारसं काम नसतं. जिवंत शरीरात दांडीला रक्ताचं वंगण मिळतं आणि काम फाळाचं असतं. फोम सरावासाठी ठेवा.

कायद्यात बाणाच्या वजनाची अट असते का?

काही राज्यांत असते. आयडाहोत मोठ्या शिकारीसाठी फाळासकट बाण किमान ३०० ग्रेनचा हवा. वॉशिंग्टन राज्यात किमान ३०० आणि शिवाय ओढीच्या प्रत्येक पाउंडाला ६ ग्रेन. अलास्कातही ३०० ग्रेन, आणि मूससारख्या मोठ्या जनावरांसाठी धनुष्य किमान ५० पाउंडाचं. हे आकडे पारंपरिक धनुष्यवाल्याला सहज पार होतात. ज्या वर्षी जाल त्या वर्षीची राज्याची नियमपुस्तिका मात्र वाचा, अटी बदलत असतात.

डझनभर बाणांत आपापसात किती फरक चालतो?

५०० ग्रेनच्या बाणात १० ग्रेन इकडेतिकडे झाले तर वेग सेकंदाला सव्वा फुटाच्या आसपास बदलतो आणि वीस यार्डांवर उंचीत फरक पडतो इंचाच्या तिसऱ्या हिश्शाचा. कार्बनमध्ये एवढा फरक येतही नाही. लाकडी दांड्यांत येतो. तिथे ग्रेनच्या काट्यावर एकेक बाण ठेवायचा आणि वजन पेन्सिलने पिसांजवळ लिहायचं. दहा ग्रेनच्या आतले सहा एकत्र बांधून हंगामासाठी बाजूला काढायचे आणि बाकीचे सरावाला घ्यायचे. वजनापेक्षा स्पाइनचा फरक जास्त नडतो, त्यामुळे आधी स्पाइननुसार निवड, मग काट्यावर.